सोलापुरात हायड्रेंजिया निळा करायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर चार हायड्रेंजिया (गोल गड्डीसारखी फुलं येणारी झुडपं) आहेत, त्यातले दोन निळे, एक गुलाबी आणि एक अजून मधल्यामधे जांभळट. कुणी घरी आलं की आधी चहा आणि मग लगेच "हे निळं कसं काय ओ केलं?" हाच प्रश्न. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढलंय. मोठं झालंय, पण घाई न करता वाचा, कारण यातली एखादी गोष्ट सुटली तर वर्षभराची मेहनत वाया जाते, माझी दोन वर्षं तशीच गेलीत.

माती आंबट केली की फूल निळं होतं, एवढंच ना?

अर्धं बरोबर आहे. खरा रंग देतं ते ॲल्युमिनियम. हायड्रेंजियाच्या गुलाबी फुलात आणि निळ्या फुलात मूळ रंगद्रव्य एकच असतं, डेल्फिनिडिन नावाचं. त्याला ॲल्युमिनियम येऊन चिकटलं की ते निळं दिसतं, नाही चिकटलं तर गुलाबी. आणि मातीत ॲल्युमिनियम भरपूर असतं, आपल्या काळ्या मातीतही असतं, पण ते कुलुपात असल्यासारखं पडून राहतं. मातीचा सामू, म्हणजे आपण पीएच म्हणतो तो, ५.५ च्या खाली आला की ते पाण्यात विरघळतं आणि मुळांना मिळतं. सहाच्या वर गेला की परत बंद. मधे ५.५ ते ६ च्या आसपास जांभळा, किंवा एकाच झाडावर दोन्ही रंग.

माझ्या आजोबांचं सोलापूरच्या पूर्व भागात सूत रंगवायचं काम होतं. ते सांगायचे की जुन्या काळी मंजिष्ठेत सूत बुडवायच्या आधी तुरटीच्या पाण्यात भिजवायचे, नाहीतर रंग धरत नाही, धुतला की निघून जातो. तुरटीत ॲल्युमिनियमच असतं, ते धाग्याला आणि रंगाला दोघांना धरून ठेवतं. हायड्रेंजियाच्या पाकळीत जवळपास तेच काम चालतं हे मला कळलं तेव्हा आजोबा हवे होते असं फार वाटलं.

पण शाळेत तर शिकलो की आम्लात लिटमस लाल होतो. इथं उलटं कसं?

हा प्रश्न माझ्या भाच्याने विचारला होता आणि एकदम योग्य प्रश्न आहे. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळून बघा, लगेच जांभळं-गुलाबी होतं, कारण तिथं आम्ल थेट रंगावर काम करतं. हायड्रेंजियात मातीचं आम्ल फुलापर्यंत पोचतच नाही. ते फक्त मातीतलं ॲल्युमिनियम मोकळं करतं आणि पुढचं काम ॲल्युमिनियम करतं. म्हणून फुलावर लिंबूपाणी किंवा व्हिनेगर फवारून काही होत नाही, उलट डाग पडतात. कृपया फवारू नका.

आमच्या अंगणात लावला तर निळा येईल का?

नाही येणार, आणि हे मी मनापासून सांगते कारण लोक यातच पैसे घालवतात. सोलापूरची काळी माती साधारण ८ च्या आसपास सामू असलेली, आणि बऱ्याच ठिकाणी चुनखडीची. एक साधी परीक्षा करा. अंगणातली चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि वरून पांढरं व्हिनेगर टाका. फस्स करून बुडबुडे आले, कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू आली, की समजा चुना आहे. आमच्या प्लॉटच्या मातीत तर सोडा उघडल्यासारखा फेस आला होता.

आता हिशोब बघा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि फूटभर खोल वाफा धरला तर माती झाली साधारण ४०० किलो. त्यात ५ टक्के चुनखडी धरली तर २० किलो चुना. १०० ग्रॅम चुना संपवायला ३२ ग्रॅम गंधक लागतं, म्हणजे एका झाडाच्या वाफ्याला सहा किलोच्या वर गंधक, आणि तेही नुसता चुना संपवायला, सामू खाली आणायचं काम त्याच्यानंतर सुरू. गंधक पण टाकलं की लगेच काम करत नाही, मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात त्याला महिने लागतात. तोवर बाजूच्या मातीतून आणि बोअरच्या पाण्यातून नवीन चुना येतच असतो. जमिनीशी भांडू नका. ही जमीन ज्वारीला आणि डाळिंबाला चांगली आहे, तिला तेच करू द्या.

निळा पाहिजे तर कुंडी, आणि पावसाचं पाणी. बस्स, माझं सगळं म्हणणं या दोन शब्दांत आहे, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

मग डोंगरावरच्या गावांत काही न करता निळे कसे येतात?

हे मला सगळ्यात आवडतं सांगायला. महाबळेश्वरचा दगड आणि सोलापूरचा दगड एकच, काळा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि आपल्याकडे साडेपाचशे-सहाशे. तिथल्या पावसाने हजारो वर्षं दगडातला चुना धुवून नेला, मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणून ती लाल जांभ्याची माती आंबट. आपल्याकडे धुवायला पाणीच नाही म्हणून चुना जागच्या जागी खडे होऊन बसला. हायड्रेंजिया मूळचा जपानचा, तिथली पण ज्वालामुखीची राख असलेली माती आणि भरपूर पाऊस, म्हणून तिथं निळ्याचे डोंगरच्या डोंगर. कामाकुरा गावातलं मेगेत्सुइन मंदिर तर त्या निळ्या फुलांसाठीच प्रसिद्ध आहे. म्हणजे रंग ठरवतो तो पाऊस. आपण कुंडीपुरता पाऊस सांभाळायचा.

नर्सरीतून निळा म्हणून आणला आणि पुढच्या वर्षी गुलाबी झाला. फसवलं का?

माझ्याबाबतीत अगदी हेच झालं होतं आणि मी नर्सरीवाल्याशी बोलायला पण गेले होते. तो बिचारा म्हणाला, ताई माझ्याकडे आला तेव्हा निळाच होता. आणि खरंच होतं ते. ही झाडं थंड हवेच्या ठिकाणी वाढवतात, कळी धरायच्या आधीपासून ॲल्युमिनियम सल्फेट देऊन निळी करतात आणि फूल आल्यावर विकायला पाठवतात. आपल्याकडे आल्यावर बोअरचं पाणी सुरू झालं की पुढच्या बहराला गुलाबी. झाड तेच आहे, खाणं-पिणं बदललं.

पांढरा हायड्रेंजिया निळा करता येईल?

नाही. पांढऱ्यात तो रंगच नसतो, ॲल्युमिनियम चिकटणार कशाला? जुनं झाल्यावर पांढरं फूल थोडं हिरवट किंवा गुलाबीसर होतं, ते वयामुळे. रंग बदलतो तो मोठ्या पानांचा, गोल गड्डीसारखं फूल येणारा मॅक्रोफायला प्रकार. ॲनाबेल किंवा शंकूसारख्या लांब फुलांचा पॅनिक्युलाटा असेल तर निळ्याचा नाद सोडा.

कुंडी कोणती आणि त्यात काय भरायचं?

सिमेंटची कुंडी अजिबात नको, तिच्यातून चुना सुटत राहतो. प्लॅस्टिकची किंवा फायबरची १२ ते १४ इंची घ्या, खाली भोकं चांगली मोठी. मातीची कुंडी दिसायला छान पण आपल्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत कोरडी पडते.

मी भरते ते असं: दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग पेरलाइट (हलके पांढरे खडे). अंगणातली माती शून्य, "थोडीशी घातली तर काय होतं" असं म्हणून मूठभरसुद्धा घालू नका. कोकोपीट बादलीत भिजवून दोन-तीनदा पिळून घ्या, त्यात मीठ असतं. गांडूळखत लोक खूप घालतात पण त्याचा सामू बहुतेक वेळा सातच्या वर असतो, म्हणून वरून एखादी मूठ, जास्त नाही. नर्सरीत लाल माती म्हणून मिळते ती कुठून आली यावर सगळं आहे, आधी व्हिनेगरची परीक्षा करा, बुडबुडे आले तर नको.

सामू घरी कसा बघायचा?

पीएच पेपरची पट्टी आणा, सायन्सच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. एक वाटी कुंडीतली माती, दोन वाट्या डिस्टिल्ड वॉटर (गाडीच्या बॅटरीत घालतात तेच साधं पाणी, ॲसिड नव्हे), ढवळायचं, अर्धा तास ठेवायचं, वरचं निवळ पाणी पट्टीला लावायचं. नळाचं पाणी वापरलं तर तुम्ही मातीचा नाही, नळाचा सामू मोजताय. दोन सळयांचे स्वस्त मीटर मी वापरून पाहिले, रोज वेगळा आकडा दाखवतात. ज्यांची शेती आहे त्यांनी माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्यावा, त्या रिपोर्टमध्ये सामूबरोबर मुक्त चुना किती तोही येतो, आणि आपल्या भागात तोच आकडा जास्त कामाचा.

पाणी कोणतं घालू? आमच्याकडे तर नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं.

हा प्रश्न खतापेक्षा मोठा आहे. समजा बोअरच्या पाण्यात लिटरला ३०० मिलीग्रॅम क्षारता (म्हणजे पाण्यात विरघळलेला चुनाच धरा) आहे, आणि तुम्ही रोज दोन लिटर घालताय. शंभर दिवसांत २०० लिटर पाणी, म्हणजे त्या एका कुंडीत ६० ग्रॅम चुना घातल्यासारखंच. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते ना, नखाने खरवडली की पिठासारखी निघते, तोच हा चुना. तुम्ही वरून कितीही औषध घाला, खालून पाणी ते खोडून काढतं.

पावसाचं पाणी साठवा. १०० चौरस फूट पत्र्यावर १० मिलीमीटर पाऊस पडला तरी ९० लिटरच्या आसपास पाणी मिळतं. आमच्याकडे जिन्यावरचा पत्रा आहे, त्याला पन्हळ लावून खाली २०० लिटरचे तीन निळे ड्रम ठेवलेत. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, धूळ असते. स्लॅबवरचं पाणी थोडं सिमेंटमधून चुना घेऊन येतं, त्यापेक्षा पत्र्याचं चांगलं. सिमेंटच्या टाकीत साठवू नका. ड्रमवर झाकण घट्ट आणि जाळी, डास होऊ देऊ नका, डेंग्यूचं काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

पाऊस संपल्यावर काय, तर एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी, ते जवळजवळ शुद्धच असतं. नाहीतर आरओचं प्यायचं पाणी. पण आरओच्या मशीनमधून फेकून दिलं जातं ते पाणी नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी तर त्याहून वाईट. नळाचंच घालायची वेळ आली तर एका बादलीत लिंबाचा रस किंवा पांढरं व्हिनेगर थोडं थोडं घालून पट्टीवर सहाच्या आसपास आणा आणि मग घाला. दर वेळी करायचं, एकदा करून भागत नाही. काही जण बॅटरीचं ॲसिड सुचवतात. घरात लहान मुलं असतात, डोळ्यात उडालं तर नजर जाते, तो मार्ग बंद.

तुरटी चालते का? किती घालायची?

चालते. इंटरनेटवर सगळीकडे ॲल्युमिनियम सल्फेट लिहिलेलं असतं, ते मिळालं तर छान, पाच लिटरला १५ ते २० ग्रॅम. नाही मिळालं तर किराणा दुकानातली तुरटी. तिच्यात ॲल्युमिनियम थोडं कमी असतं म्हणून मी पाच लिटर पाण्याला २५ ग्रॅम घेते. तुरटी खलबत्त्यात कुटून कोमट पाण्यात विरघळवायची, मग बाकीच्या पाण्यात मिसळायची.

आता महत्त्वाचं. हे पाणी पावसाचं किंवा आरओचंच पाहिजे. लहानपणी पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायचो आठवतंय? पांढरे कापसासारखे पुंजके धरायचे आणि गाळ घेऊन तळाला बसायचे. ते पुंजके म्हणजेच ॲल्युमिनियम. जड पाण्यात तुरटी टाकली की बादलीतच असे पुंजके होतात आणि झाडाला जायचं ते ॲल्युमिनियम तळाला बसून राहतं. माझं पहिलं वर्ष असंच गेलं, दर पंधरा दिवसांनी इमानदारीत तुरटी घातली, फूल आलं ते गुलाबीच. एकदा काचेच्या ग्लासात बोअरचं पाणी घेऊन त्यात तुरटी टाकून उन्हात धरून बघा, पाच मिनिटांत धूसर होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आदल्या दिवशी साधं पाणी घालून माती ओली करून ठेवायची, कोरड्या मुळांवर तुरटी गेली तर मुळं भाजतात. दुसऱ्या दिवशी १२ इंची कुंडीला एक ते दीड लिटर, बुंध्याजवळ गोल फिरवून, पानांवर उडू द्यायचं नाही. पंधरा-वीस दिवसांनी एकदा. लवकर निळं व्हावं म्हणून दुप्पट केलं तर पानांच्या कडा करपतात, वाढ थांबते.

कधी सुरू करायचं?

उमललेलं फूल बदलत नाही, हे आधी मनात पक्कं करा. ॲल्युमिनियम मुळातून वर चढून पाकळीत साठायला आठवडे लागतात, म्हणून कळी दिसायच्या आधीपासून द्यायचं. मी गणपती झाले की सुरू करते, मधे थंडीत एखादी खेप कमी, आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाली की परत नियमित, गड्डी रंग धरेपर्यंत. नवीन आणलेल्या झाडाला पहिल्या बहरात जांभळट आलं तरी खूप झालं, खरा निळा दुसऱ्या वर्षी.

व्हिनेगर, चहापत्ती, कॉफीचा चोथा, गंजके खिळे, अंड्याची टरफलं?

व्हिनेगर घटकाभराचं, पुढच्या दोन पाण्यात गेलं. कॉफीचा वापरलेला चोथा जवळजवळ उदासीन असतो, सामू हलत नाही. चहापत्तीचं तसंच, धुवून कंपोस्टमध्ये टाका. गंजक्या खिळ्यात लोह आहे, ॲल्युमिनियम नाही, त्यामुळे निळ्याशी संबंधच नाही. एका काकूंनी कुंडीत ॲल्युमिनियमच्या फॉइलचे गोळे पुरले होते, ते तीन वर्षांनी तसेच चकचकीत निघाले. आणि अंड्याची टरफलं म्हणजे चुनाच की, निळ्या झाडाला तर मुळीच नको.

खत कोणतं?

निळ्यासाठी स्फुरद (फॉस्फरस) कमी पाहिजे, कारण स्फुरद ॲल्युमिनियमला पकडून बसतं. म्हणजे डीएपी, सुपर फॉस्फेट, बोनमील बंद, आणि ते १९:१९:१९ पण नको, जे घराघरात असतं. मी अमोनियम सल्फेट लिटरला एक ग्रॅम देते, त्याने माती थोडी आंबट पण होते, आणि ०:०:५० हे द्राक्षवाले वापरतात ते पोटॅशचं खत, तेही लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा आलटून पालटून. बास.

पानं पिवळी पडली, शिरा हिरव्याच आहेत. नत्र कमी झालं का?

नाही, हा केवडा. उसावर पडतो तोच. लोह मिळत नाहीये, आणि मिळत नाहीये कारण सामू वर गेलाय. म्हणजे झाड तुम्हाला रंगाच्या आधीच सांगतंय की पाणी चुकलं. चिलेटेड लोह घ्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं घ्या, ईडीटीएवालं चुनखडीत टिकत नाही. पण ते तात्पुरतं, पाणी सुधारल्याशिवाय केवडा परत येतो. नत्र समजून युरिया टाकत बसू नका.

मला गुलाबीच आवडतो, तर?

मग सोलापूर तुमच्यासाठीच आहे! नळाचं पाणी, थोडं बोनमील, आणि झालं. फक्त सामू साडेसहाच्या फार वर जाऊ देऊ नका, केवडा पडेल. म्हणून गुलाबीवाल्यांनीही कोकोपीटचीच कुंडी भरा आणि अधूनमधून पावसाचं पाणी द्या. आमची गुलाबी कुंडी माझ्या सासूबाईंची, त्यांना निळं फूल फूलच वाटत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हे झाड जगतं तरी का?

जगतं, पण लक्ष द्यावं लागतं. एप्रिल-मेमध्ये ४२-४४ डिग्रीला दुपारी दोन वाजता जाऊन बघितलं तर पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत असतात, जीव हळहळतो. अशा वेळी लगेच पाणी ओतू नका. कुंडीत बोट घालून बघा, ओल असेल तर संध्याकाळी सहा-सातला झाड आपोआप उभं राहतं, पानांतून पाणी उडायचा वेग जास्त असतो एवढंच. ओल असताना परत परत पाणी घातलं तर मुळं कुजतात आणि मग झाड खरंच जातं.

पूर्वेची बाजू द्या, सकाळचं दोन-तीन तास ऊन, नंतर पूर्ण सावली किंवा ७५ टक्केची हिरवी शेडनेट. कुंडी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर थेट नको, विटांवर किंवा लाकडी फळीवर. मातीवर पालापाचोळ्याचा दोन इंचाचा थर. पश्चिमेच्या भिंतीजवळ तर अजिबात नको, ती भिंत रात्री दहापर्यंत गरम असते. नवीन प्लास्टर केलेल्या भिंतीचं पाणी कुंडीत गळत असेल तरी रंग गुलाबीकडे जातो, एवढं सुद्धा बघा. आणि कडक उन्हात रंग फिका येतो, निळा असो की गुलाबी, तो सामूचा दोष नाही.

झाड हिरवंगार आहे पण फूलच येत नाही.

बहुतेक वेळा कात्रीचा दोष. नेहमीच्या जातींत फुलाची कळी गेल्या वर्षीच्या फांदीच्या टोकाला, थंडीत तयार होते, रात्री १८ डिग्रीच्या खाली साधारण सहा आठवडे मिळाल्या की. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत तेवढं जेमतेम मिळतं. आणि आपण दिवाळीची साफसफाई म्हणून शेंडे कापून मोकळे होतो. छाटायचं ते जूनमध्ये, पहिला पाऊस झाला की, फक्त जुनी फुलं आणि वाळक्या काड्या. गणपतीनंतर कात्री लावायची नाही. थंडीत कुंड्या उघड्या आकाशाखाली ठेवा, जेवढी थंडी मिळेल तेवढी मिळू द्या. एंडलेस समर म्हणून २००४ मध्ये बाजारात आलेली एक जात नवीन फांदीवर पण फुलते, ती मिळाली तर आपल्यासाठी बरी.

गुरं, कुत्रा, लहान मुलं यांना धोका?

आहे. पानं, कळ्या पोटात गेल्या तर विषारी, सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. शेळ्या असतील तर छाटलेल्या फांद्या त्यांच्यापुढे टाकू नका. नैवेद्याच्या ताटात किंवा केकवर सजावटीला हे फूल ठेवू नका, देव्हाऱ्यात बाजूला चालेल.

तुरटीचं पाणी बाकीच्या झाडांना घातलं तर?

नको. मोकळं ॲल्युमिनियम बहुतेक झाडांच्या मुळांना त्रासच देतं, हायड्रेंजिया त्याला पचवतो म्हणून त्याला चालतं. कुंडीखाली ताटली ठेवा, त्यातलं पाणी तुळशीत किंवा मोगऱ्यात ओतू नका.

निळा होतोय हे कसं ओळखायचं?

गड्डी आधी हिरवट-पांढरी असते. मग एके दिवशी पाकळीच्या कडेला मळकट जांभळी रेघ दिसते, शाई ओल्या कागदावर पसरावी तशी. मला पहिल्यांदा वाटलं बुरशी आली. तीन-चार दिवसांत ती आत सरकते, शेजारच्या पाकळ्या अजून गुलाबी असतात, एका गड्डीत दोन-तीन रंग. त्याच वेळी घाबरून जास्त तुरटी घालू नका, तशीच चालू ठेवा. (आपण पाकळ्या म्हणतो खऱ्या, पण त्या निदलं आहेत, खरं फूल मधला तो बारीक मणी.) गड्डी जुनी झाली की निळा परत हिरवट होतो, ते वयाने, झाड बिघडलं नाही.

तुमच्या निळ्या झाडाची फांदी दिली तर आमच्याकडे निळंच येईल ना?

नाही येणार, कारण निळा फांदीत नाहीये. विजापूर रोडला माझ्या मावसबहिणीला दिली होती, तिच्याकडे पहिलं फूल आलं ते चक्क राणी कलरचं, तिने फोटो पाठवून विचारलं की ताई तू दुसरीच फांदी दिलीस का.

फांदी घ्यायची तर जुलैत घ्या. फूल न आलेली, पेन्सिलएवढी, चार-पाच इंच, दोन पेरं असलेली. खालची पानं काढायची, वरची दोन अर्धी कापायची, ओल्या कोकोपीटमध्ये एक पेर आत जाईल अशी लावून वरून प्लॅस्टिकची पिशवी घालायची, सावलीत ठेवायची. तीन-चार आठवड्यांत हळूच ओढून बघितलं की धरलेली जाणवते. मी आता कुणाला फांदी देते तेव्हा बरोबर कुटलेल्या तुरटीची पुडी आणि पावसाच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन पण देते, आणि रिकामा झाला की कॅन परत आणा म्हणते, म्हणजे परत भरून देता येतो.